एक्स्चेंजचा डेटाबेस दर महिन्याला ऑफलाइन डीफ्रॅग करावा का? (कुपवाड एमआयडीसी, सांगली, मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज 2016, एकच सर्व्हर, फाइल 180 जीबी)

दर महिन्याला तर नकोच. ऑफलाइन डीफ्रॅग म्हणजे डेटाबेस बंद ठेवून आतली मोकळी जागा काढून फाइल लहान करणं. रोजची झाडलोट एक्स्चेंज चालू असतानाच करतो: पुसलेल्या मेलची जागा मोकळी करून नव्या मेलला देतो. फक्त फाइल लहान होत नाही, म्हणून ती फुगलेली दिसते.

आधी आत मोकळी जागा किती ते बघा. गेट-मेलबॉक्सडेटाबेस या कमांडला -स्टेटस जोडलं की 'अव्हेलेबल न्यू मेलबॉक्स स्पेस'चा आकडा मिळतो. तो 20-30 जीबी असेल तर हात लावू नका, ती जागा आपोआप भरेल. कालच कुणाकुणाचे मेलबॉक्स काढले असतील तर आकडा इतक्यात वाढणार नाही. सेटिंग बदललं नसेल तर पुसलेले मेल 14 दिवस आणि काढलेले मेलबॉक्स 30 दिवस आतच राहतात.

समजा 180 पैकी 110 जीबी मोकळे निघाले, म्हणजे खरा डेटा 70 जीबी. तरी माझं मत असं की नवा डेटाबेस करा, मेलबॉक्स तिकडे हलवा आणि जुना काढून टाका. लोकांचं काम चालू राहतं. हलवताना लॉग (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइल) मात्र भरपूर साठतात, 70 जीबी डेटाला निदान तेवढीच जागा लॉगसाठी धरा आणि मधे बॅकअप घेत राहा, म्हणजे जुने लॉग निघत जातात. आर्बिट्रेशनचे (एक्स्चेंजच्या स्वतःच्या कामाचे) मेलबॉक्सही हलवावे लागतात, नाहीतर जुना डेटाबेस निघत नाही.

दुसरी डिस्कच नसेल तर ऑफलाइन. पूर्ण बॅकअप, डिसमाउंट (डेटाबेस बंद करणं), मग ईएसईयूटिल या एक्स्चेंजच्या टूलची /एमएच ही स्थिती दाखवणारी कमांड. त्यात 'क्लीन शटडाउन', म्हणजे डेटाबेस नीट बंद झालाय, असं दिसलं तरच पुढे. 'डर्टी' असेल तर /आर ने लॉग लावून घ्या. इथे घाईत /पी (जबरदस्तीची दुरुस्ती) मारायचा मोह होतो. तो डेटाबेसची खराब पानं सरळ फेकून देतो, आतल्या मेलसकट. बॅकअप नसेल तेव्हाचाच तो उपाय.

/डी, म्हणजे प्रत्यक्ष डीफ्रॅग, नवी फाइल लिहितो, त्यामुळे उरणाऱ्या आकाराच्या 110 टक्के जागा लागते, म्हणजे 70 जीबीला 77. जुन्या डिस्कवर तासाला 5 ते 10 जीबी धरा: 7 ते 14 तास. शनिवारी रात्री बसा, पण रविवारी महावितरणचं देखभालीचं काम नाही ना, हे आधी विचारा. एवढा वेळ यूपीएस पुरत नाही. मधेच वीज गेली तर मूळ फाइल सहसा शाबूत राहते, कारण अदलाबदल अगदी शेवटी होते. /टी देऊन तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली असेल तर शेवटी अख्खी फाइल परत कॉपी होते, तो वेळ नाजूक. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर तर ती ठेवूच नका. अँटीव्हायरसला डेटाबेसचं फोल्डर वगळायला सांगितलंय का, तेही बघून घ्या.

माउंट झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा पूर्ण बॅकअप घ्या. डीफ्रॅगनंतर डेटाबेसची सही (आतली ओळखखूण) बदलते, जुन्या बॅकअपवर नवे लॉग चढत नाहीत. बॅकअपची डिस्क तळमजल्यावर नको, 2019 चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको.

आणि एक्स्चेंज 2016 चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. मेलबॉक्स हलवायचेच असतील तर थेट नव्या सर्व्हरवर हलवा, डीफ्रॅग करायची वेळच येणार नाही.