अमेरिकेत एवढे काळे महापौर झाले, ओबामा झाले, तरी काळ्या लोकांची परिस्थिती का बदलली नाही? नेतेच कमी पडले का?

कमी पडले, काही ठिकाणी चांगलेच कमी पडले, पण खुर्ची हातात आली तेव्हा त्या खुर्चीत जीव किती उरला होता ते पण बघायला पाहिजे ना. ओबामांवर सगळेच लिहितात म्हणून मी ॲटलांटाचं सांगतो, बरीच वर्षं या बाजूला राहतोय.

आमच्याकडे कोणाचे आईबाबा भारतातून आले की त्यांना आणायला हार्ट्सफील्ड-जॅक्सन विमानतळावर जायचं. यातला जॅक्सन कोण हे मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं, मायकल जॅक्सनच असणार असं धरून चाललो होतो (हसा). तर हा मेनार्ड जॅक्सन, 1973 ला वयाच्या 35 व्या वर्षी ॲटलांटाचा महापौर म्हणून निवडून आला, दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या शहराचा पहिला काळा महापौर. मतदान हक्क कायदा 1965 चा, म्हणजे त्याला जेमतेम आठ वर्षं झालेली. त्याआधी दक्षिणेत काळ्या माणसाने मतदार यादीत नाव घालायला जायचं म्हणजे कारकून परीक्षा घेणार आणि नापास करणार, वर गावात नोकरी जायची भीती वेगळीच.

जॅक्सन आला तेव्हा शहराच्या कंत्राटांत काळ्यांच्या कंपन्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता, आणि शहरात निम्म्याहून जास्त लोक काळे. विमानतळाचं नवीन टर्मिनल बांधायचं होतं, याने सांगितलं की साधारण 25 टक्के काम काळ्यांच्या आणि इतर अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना भागीदारीत द्या, नाहीतर काम विसरा. बँकांना पण तोच दम, संचालक मंडळावर काळे आणि बायका घ्या नाहीतर शहराच्या ठेवी दुसरीकडे नेतो. भरपूर बोंबाबोंब झाली, काम रखडणार, खर्च वाढणार वगैरे (आपल्याकडे आरक्षणावर जे ऐकतो अगदी तेच). टर्मिनल 1980 ला वेळेत आणि बजेटमध्ये उघडलं. कंत्राटांतला तो एक टक्क्याच्या आतला वाटा पाचेक वर्षांत 38 टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्यामुळे नेत्यांनी काही केलंच नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

पण हे मिळालं कोणाला? जो आधीच कंत्राटदार होता, वकील होता, शिकलेला होता त्याला. रोज कचरा उचलणाऱ्याला नाही. 1977 ला ॲटलांटाचे सफाई कामगार, जवळजवळ सगळे काळे, पगारवाढीसाठी संपावर गेले आणि याच जॅक्सनने हजाराच्या आसपास लोकांना सरळ कामावरून काढून टाकलं. 1970 च्या संपात उपमहापौर असताना हाच माणूस कामगारांच्या बाजूने उभा होता! मार्टिन ल्युथर किंग 1968 ला मेम्फिसला गेले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठीच, तिथेच त्यांचा खून झाला, आणि नऊ वर्षांनी किंगच्या स्वतःच्या गावात असा संप मोडला गेला तेव्हा किंगचे वडील महापौराच्या बाजूने होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच सुचेना की कोणाची बाजू घ्यावी. जॅक्सनचं म्हणणं एवढंच की तिजोरीत पैसे नाहीत.

आणि पैसे खरंच कमी होते, कारण तोपर्यंत गोरे लोक घरं विकून उपनगरात निघून गेले होते, त्यांचा टॅक्स गेला, पाठोपाठ मॉल आणि ऑफिसं गेली, आणि महापौराचा हुकूम शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो. मार्टा म्हणजे इथली मेट्रो-बस. 1971 ला त्यात सामील व्हायचं का यावर मतदान झालं, फुल्टन आणि डिकॅल्ब काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, ॲटलांटा शहर या दोघींत येतं) हो म्हणाल्या, उपनगरांच्या क्लेटन आणि ग्विनेट नाही. क्लेटनने होकार दिला तो थेट 2014 ला. आता नोकऱ्या तिकडे, ट्रेन इकडे, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचं?

घरांचं तर त्याच्याही आधीपासूनचं. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवलेल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. ज्या काळात साधा गोरा कामगार सरकारी हमीच्या कर्जावर घर घेत होता त्या काळात काळ्याला ते जवळपास बंदच. इथे मध्यमवर्गाची बचत म्हणजे घर, आणि तेच पोरांना मिळतं. फेडरल रिझर्व्हच्या (इथली रिझर्व्ह बँक) 2022 च्या पाहणीत, संपत्तीप्रमाणे रांग लावली तर बरोब्बर मध्ये येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती 2 लाख 85 हजार डॉलर आणि तशाच काळ्या कुटुंबाची 44,900. हा फरक कोणी एक महापौर, अगदी ओबामासुद्धा, आठ वर्षांत कसा भरून काढणार सांगा.

आपले लोक लगेच म्हणतात आम्ही पण ब्राउन, आम्ही नाही का दोन सूटकेस घेऊन येऊन घरं घेतली. अहो पण ज्या 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला दार उघडलं तो त्या नागरी हक्क चळवळीच्या दिवसांतलाच, आणि आपल्यातले बहुतेक डिग्री घेऊनच आलो.

मी स्वतः ग्विनेटमध्ये राहतो. मार्च 2019 मध्ये मार्टात जायचं का यावर परत मतदान झालं, परत नाही. मला मत नव्हतं, व्हिसावर होतो. पण तेव्हा आमच्या सबडिव्हिजनच्या (म्हणजे कॉलनीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लोक लिहीत होते की ट्रेन आली की "तसली" माणसं इथपर्यंत येतील, त्यातले निम्मे देसी होते, दोन तर मराठी.