पाहुण्याने चुकून जास्त पैसे पाठवले म्हणतोय आणि परत मागतोय. होमस्टेवाल्याने काय करावं? संशयास्पद पाहुणे ओळखायचे कसे?

पाठवू नका. एक रुपयासुद्धा नको.

तुम्ही लिहिलंय की २,००० ॲडव्हान्स ठरला होता, त्याने ‘चुकून’ २०,००० टाकले, बँकेचा मेसेज आलाय, आणि मुलगी हॉस्पिटलात आहे म्हणून उरलेले १८,००० दुसऱ्याच एका नंबरवर लगेच हवेत. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितलीत का? मेसेज कुणीही टाइप करून पाठवू शकतं, स्क्रीनशॉट तर शाळेतली पोरंही बनवतात. आणि समजा, खरंच जमा झाले असतील, तरी तुम्ही होऊन पाठवायचे नाहीत. ते दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले असले तर पोलीस माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि भर सीझनमध्ये तुमचं खातं गोठतं. तुमच्या बँकेत लेखी कळवा. ज्याने पाठवले त्याने त्याच्या बँकेतून परत मागावेत. खरा माणूस एवढं थांबतो.

झालं तुमचं उत्तर. पण तुम्ही खाली जे लिहिलंय, ‘घरचे म्हणतात देऊन टाक, रेटिंग खराब होईल’, त्यावर मला बोलायचंय.

आमचं घर दिवेआगरला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. पोफळ आज लावली तर हाताशी सुपारी यायला किती वर्षं जातात ते वाडीवाल्यांना सांगायला नको. मागच्या पडवीला भिंती घालून दोन खोल्या काढल्या, कर्ज काढून. धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत. त्यांनी बुकिंगच्या साइटवर जाहिरात टाकली, फोटो टाकले, खातं त्यांच्याच नावाने, त्यांच्याच मोबाइलवर. मला काय, मासे साफ करता करता मोबाइल कुठे बघणार. त्या वेळी ते बरंच वाटलं.

नाताळात एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुलं, आजी-आजोबा. दोन खोल्या, तीन रात्री, १५,००० साइटवर भरलेले. इतकी गोड माणसं की विचारू नका. आजी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसून नारळ खवत होत्या. सुरमई, सोलकढी, दुसऱ्या दिवशी मोदक, जाताना एकवीस मोदक डब्यात बांधून. जेवणाचं बिल म्हणाले, ‘ताई, इथे रेंज नाही, म्हसळ्याला पोचलो की जीपे करतो.’ मी हो म्हटलं. आजींनी नारळ खवून दिला होता ना.

गाडी गेली आणि तासाभरात भाऊजींचा फोन. ‘वहिनी, बाथरूममध्ये झुरळं होती का? त्यांनी फोटो टाकलाय. पूर्ण रिफंड मागतायत, नाहीतर एक स्टार देणार म्हणतायत. मी देऊन टाकलेत.’

विचारतायत झुरळं होती का, आणि देऊन टाकलेत! म्हटलं, फोटो तरी पाठवा. फोटोत पांढरी चकचकीत टाइल, एका कोपऱ्यात टवका उडालेली, आणि तीन झुरळं. आता सांगते, आमच्या घरात पांढरी टाइल कुठेच नाही. सासऱ्यांचा पाय घसरून खुबा मोडला तेव्हापासून सगळीकडे तांबडी खडबडीत फरशी आहे. भाऊजी त्याच घरात वाढलेले, दर गणपतीला त्याच न्हाणीघरात आंघोळ करतात. त्यांना टाइल दिसली नाही, त्यांना स्टार दिसले.

संध्याकाळी मी तो फोटो आमच्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. हरिहरेश्वरच्या एकाने लगेच लिहिलं, हीच टाइल, हाच टवका, आम्हाला दिवाळीत आलेली. त्यांचे साडेसात हजार गेले होते. एकच झुरळांचा फोटो घेऊन माणसं अख्खी किनारपट्टी फुकट फिरतायत आणि आपण त्यांना मोदक बांधून देतोय.

आणि मजा पुढे. रिफंड घेऊनही त्यांनी दोन स्टार दिलेच. भाऊजी म्हणाले, ‘बघा, एकाऐवजी दोन दिले.’ यावर माणसाने काय बोलावं? आमच्याकडे हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्यांचं म्हणणं, एक वाईट रिव्ह्यू म्हणजे पन्नास हजारांचं नुकसान, त्यापेक्षा पंधरा परवडले. हे आमचे मधल्या मध्ये, कधी भावाकडून, कधी माझ्याकडून. मी एवढंच केलं, त्या रिव्ह्यूखाली आमच्या तांबड्या फरशीचा फोटो लावला आणि लिहिलं की पांढरी टाइल शोधून दाखवा, मासळीचं ताट माझ्याकडून. आता येणारा पाहुणा सामान टाकायच्या आधी बाथरूममध्ये डोकावतो आणि हसत बाहेर येतो. त्या रिव्ह्यूमुळे किती बुकिंगं गेली ते भाऊजींनी आकड्यात दाखवावं, मी कधीची विचारतेय.

आता संशयास्पद कोण. आमच्या गावात २०१२ च्या मार्चमध्ये सुवर्ण गणेशाच्या देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. तेव्हापासून परकं तोंड दिसलं की म्हातारी माणसं दोनदा बघतात. मागच्या पावसाळ्याआधी चार पोरं रात्री दहाला बाइकवरून आली. दाढ्या, हातभर गोंदलेलं, बुकिंग नाही. सासरे काठी घेऊन ओटीवर बसून राहिले, रात्रभर. मीही आतून कडी दोनदा तपासली, खोटं कशाला बोलू. सकाळी त्यातलाच एक दारात उभा, ‘काकू, झाडू द्या ना, खोलीत वाळू झालीय.’ सगळे पैसे चहाच्या आधी दिले. म्हणून सांगते, दाढी, आडनाव, लग्न झालंय की नाही, असलं काही बघून उपयोग नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कायदाही नाही. पैसा कुठल्या बाजूला सरकतोय आणि कोण घाई करतंय, ते बघा.

घाई म्हणजे कशी? तो ‘लष्करातून बोलतोय’वाला फोन तुम्हाला अजून आला नसेल तर येईल. हिंदीत, अदबीने. बारा जवानांची जेवणासकट सोय, भाव कमी करा म्हणणार नाही, खोली बघणार नाही, ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवेल. मग म्हणेल आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही पाच रुपये टाका, किंवा हा क्यूआर स्कॅन करून पिन घाला, की ॲडव्हान्स जमा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. आमच्या गल्लीत मास्तरांचे असेच गेले, शिकलेला माणूस. गेलेच तर १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, दुसऱ्या दिवशी नव्हे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जायच्या आत अडवली तरच काही हाती लागतं.

बाकी ओळखपत्र मूळ बघायचं, वहीत नोंद, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत सरकारकडे त्याची ऑनलाइन नोंद, हे तुम्ही करतच असाल. मी त्यात दोन गोष्टी वाढवल्या. पाहुणे आत जायच्या आधी खोली आणि बाथरूमचा व्हिडिओ, आणि जाताना त्यांच्यासमोरच पुन्हा एकदा, हसत हसत. आणि जेवणाचे पैसे पान उचलायच्या आधी. साइटचं खातं आता माझ्या मोबाइलवर आहे. ते मिळवायला गणपतीपासून शिमगा उजाडला.

एक मात्र सांगायला हवं. प्रत्येक तक्रार खोटी नसते. मागे एकदा आमच्याकडे पंप जळाला आणि दीड दिवस पाणी नव्हतं, तेव्हा मी न मागता अर्धे पैसे परत केले. तुमच्याकडे खरंच झुरळं असतील तर द्या बाबा परत, भांडू नका. आणि तुमच्या त्या माणसाची मुलगी खरंच हॉस्पिटलात असेलही, मला काय ठाऊक. म्हणून तर बँकेतून जा म्हणते.

तो जमा झाल्याचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलाय की बँकेच्या नावाने, ते बघून इथे खाली लिहा. आणि शिल्लक किती दाखवतेय ते मला नका सांगू, कुणालाच नका सांगू.