तू मध्येच 'वा' का म्हणालीस?

प्रिय पिल्लू,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी सकाळी वाचली. "आई, त्या गात होत्या तेव्हा तू मध्येच मोठ्याने 'वा' का म्हणालीस? सगळे मराठी लोक असंच करतात का? मला लाज वाटली." शनिवारी इथे लंडनच्या भारतीय विद्या भवनात, शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत, तू माझी ओढणी ओढलीस तेव्हाच हा प्रश्न तुझ्या डोळ्यांत दिसला होता. परतताना ट्यूब ट्रेनमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मलाही तेव्हा दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे पत्र लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचार.

तुला लाज का वाटली ते मला कळतं. शाळेबरोबर रॉयल अल्बर्ट हॉलला गेलात तेव्हा तुम्हाला शिकवलं होतं की खोकलासुद्धा दाबायचा आणि टाळ्या अगदी शेवटी. तिथे तेच बरोबर आहे. तिथला वादक समोर लिहून ठेवलेलं संगीत वाजवत असतो आणि त्यातला प्रत्येक सूर आधीच ठरलेला असतो. शनिवारच्या बाईंपुढे मात्र कागद नव्हता. राग ठरलेला, बंदिशीचे शब्द ठरलेले, पण पुढच्या मिनिटाला त्या नेमकं काय गाणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते त्या तिथेच, आपल्यासमोर शोधत होत्या. शोधताना समोरचं माणूस 'वा' म्हणालं की त्यांना कळतं, ही जागा, म्हणजे सुरांचं हे वळण, पोचली, इथे अजून थोडं थांबायला हरकत नाही. याला आपल्याकडे दाद म्हणतात. शनिवारी माझ्या 'वा'नंतर त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली आणि थोडी वेगळी वळवली, आठवतं का? तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, पण त्याही आपल्या रांगेकडे बघून हसल्या होत्या.

मी हे कुठे शिकले ते सांगते. पुण्यात दर डिसेंबरात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव होतो. मी तुझ्याहून लहान होते, आठेक वर्षांची. तेव्हा तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची. आजोबा, म्हणजे माझे बाबा, दुपारीच सतरंजी, दोन शाली, घोंगडी आणि चहाचा थर्मास पिशवीत भरून तयार असत. मागे खुर्च्या होत्या, पण आम्ही कायम भारतीय बैठकीत, मांडवाच्या डाव्या खांबाजवळ. ती जागा मिळावी म्हणून आजोबा ऑफिसातून लवकर निघायचे. आयुष्यात एरवी ते कधी लवकर निघाले नाहीत.

त्या मैदानाचा वास मला अजून येतो. तळणीतून निघालेले बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, मांडवातली धूळ, शालींतल्या डांबरगोळ्या. तंबोरे जुळायला लागले की बोलणी हळूहळू विरायची. ते तंबोरे मिरजेचे असतात, असं आजोबांनी सांगितलं. तिथले कारागीर भोपळा वाळवून त्यातून वाद्य घडवतात. मी तो भोपळा भाजीचाच समजून कितीतरी वेळ बघत बसले होते.

त्याच मैदानावर मी गंगूबाई हनगल यांना पहिल्यांदा ऐकलं. डोळे मिटून पडले होते आणि मला वाटलं, पुरुष गातो आहे. उठून बघते तर नऊवारीसारखी साधी साडी नेसलेल्या, छोट्याशा चणीच्या आजी! आजोबा कानाजवळ येऊन म्हणाले, "या मुलगी होत्या तेव्हा हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने गाणं शिकायला जायच्या." कुंदगोळ हे त्यांचे गुरू, गायक सवाई गंधर्व, यांचं गाव. सवाई गंधर्वांचं खरं नाव रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या शिष्याने, पंडित भीमसेन जोशींनी, त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तू भीमसेनजींचे अभंग गाडीत ऐकतेस, तेच. ते तुझ्याएवढे, अकरा वर्षांचे असताना गुरू शोधायला घरातून निघून गेले होते. (तू असं काही करू नकोस, तुझे गुरू आपल्याला बसने गाठता येतात.)

आता मूळ गोष्ट. त्याच रात्री कधीतरी मी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. घोंगडी टोचत होती, तरी झोपले. आणि एकदम जागी झाले, कारण माझ्या चारही बाजूंनी हजारो माणसांच्या तोंडून एकाच क्षणी "आहा!" निघालं. मी घाबरून विचारलं, "बाबा, काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही गं. सम आली."

सम म्हणजे काय, ते आत्ता करून बघ. टेबलावर बोटाने बारा मात्रा, म्हणजे ठोके, मोज, सावकाश, आणि तेराव्याला परत 'एक' म्हण. तो 'एक' म्हणजे सम. विलंबित एकताल नावाच्या तालात या बारा मात्रा इतक्या संथ जातात की एक फेरा पूर्ण व्हायला मिनिटभरसुद्धा लागतो. गायक मधल्या वेळात दूर भटकून येतो. तबला आपला चालू असतो, ऐकणारे मनातल्या मनात मोजत असतात, आणि दहा, अकरा आलं की पोटात धाकधूक होते, आता हा पोचतो का? आणि तो अगदी 'एक'वर, मुखड्याच्या, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या, शब्दासह, अलगद येऊन उतरतो. तेव्हा जे तोंडातून निघतं ते आपण ठरवून काढत नाही. तू झोक्यावरून खाली येतेस तेव्हा पोटातून आवाज निघतो ना, तसं.

म्हणून दाद कधीही, कुठेही द्यायची नसते. आजोबांचा नियम होता: दाद निघाली पाहिजे, काढायची नाही. गायक पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लावतो तेव्हा कुणी 'वा वा' केलं तर आजोबांच्या कपाळावर आठी पडायची. आलाप खोल चालला असेल तर हात नुसता किंचित हलवायचा. शेजारचा कळत नसताना ओरडत असेल तर त्यांना फार त्रास व्हायचा, अगदी तुला माझा झाला तेवढा. तेव्हा गप्प बसणं आपल्याकडेही आहे, पिल्लू. फक्त त्याची जागा वेगळी आहे.

आणखी एक गंमत सांगते. तुमच्या हॉलमधली शांतताही फार जुनी नाही. संगीतकार मोत्सार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून आपल्या वडिलांना पत्र लिहिलं होतं. त्याच्या नव्या सिंफनीत एक जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि तिथे, मध्येच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला राग आला नाही, उलट तो खूश झाला. तुझ्या पियानोच्या बाईंना हे सांगून बघ.

रमणबागेत आता महोत्सव होत नाही. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यावर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं. रात्रभरही चालत नाही. ध्वनिक्षेपकांचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर मैदानावर आवाज बंद करावा लागतो. कधी एखाद्या दिवशी जास्त वेळाची परवानगी मिळते. रात्रीचे राग आता तिथे क्वचितच ऐकायला मिळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आसपास आजारी माणसं असतात, झोपणारी बाळं असतात, हे पटतं. तरी वाईट वाटतं. दरबारी हा रात्रीचा राग तू संध्याकाळी सहाला ऐकलास तर तुला काय ऐकलं ते कळणारच नाही.

आजोबांना कालच फोन केला. येत्या डिसेंबरात आपण जातो आहोत, तिकिटं काढली. त्यांनी सतरंजी उन्हात टाकून ठेवली आहे. आता गुडघ्यांमुळे ते खुर्चीत बसतात, पण बैठकीत आपल्याला जागा धरायला शेजारच्या काकांना पाठवणार आहेत. तुझी जाड शाल घे, संध्याकाळी पुण्यात गारठा असतो.

शेवटच्या दिवशी आपण अगदी अखेरपर्यंत थांबू. सगळे गायक गाऊन झाले की तिथे सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुन्या काळची तबकडी, जेमतेम तीन मिनिटांची, आणि तिला खरखर असते. मंचावर कुणी नसतं. लोक पिशव्या आवरता आवरता थांबतात आणि कुणी काही बोलत नाही, कारण दाद ऐकायला समोर माणूस नाही. मी लहानपणी अशीच उभी होते, हातात थर्मास, आणि माझ्या डोक्यावर आजोबांचा हात होता. रेकॉर्ड संपत आली तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"वा."

तुझी,
आई