‘कपबशीत पीएचडी’ करू द्यायची का पोरीला?

भांडुपच्या एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी एसवायबीएस्सीला, केमिस्ट्री घेऊन. मागच्या वर्षी आजीचा खुबा बदलला तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले की वरचा बॉल सिरॅमिकचा टाकलाय, आणि तेव्हापासून पोरीने धोशा लावलाय की मला हेच करायचंय, शरीरात बसवायच्या सिरॅमिकवर रिसर्च. बाबांचं म्हणणं, फार्मा कंपनीत चिकट, दोन वर्षांत हातात पगार येईल, कपबशीत पीएचडी करून काय मिळणार आणि ती होईस्तोवर वय किती होईल.

दादा, नमस्कार. ‘कपबशीत पीएचडी’ वाचून मी मोठ्याने हसले, कारण माझ्या पीएचडीला माझे बाबा ‘चुन्यात पीएचडी’ म्हणायचे आणि ते फारसे चुकीचे नव्हते, त्यावर येतेच.

आधी कपबशीचं. तुमच्या आईंच्या खुब्यातला बॉल आणि तुमची चहाची कपबशी लांबच्या नात्यातल्या, बस एवढंच. फ्रान्समध्ये पिएर बुतां नावाच्या सर्जनने १९७० मध्ये पहिल्यांदा अल्युमिनाचा, म्हणजे अल्युमिनियमच्या ऑक्साईडचा, खुबा बसवला, का तर अल्युमिना प्रचंड कडक, गंजत नाही आणि पॉलिश इतकं गुळगुळीत होतं की घासून झिजणं खूप कमी. आता बऱ्याच बॉलमध्ये अल्युमिनात झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साईड) मिसळतात म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि त्यात थोडं क्रोमियम ऑक्साईड असतं म्हणून रंग चक्क गुलाबी येतो. म्हणजे तुमच्या आईंच्या खुब्यात कदाचित गुलाबी गोटी फिरतेय! डिस्चार्जची फाईल काढून बघा, त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, मटेरियल आणि लॉट नंबर त्यावर असतो. पोरीला घेऊन बसा आणि वाचा.

आता चुना. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, हायड्रॉक्सीॲपेटाईटच्या जातीचं, कॅल्शियम आणि फॉस्फेट. तेच लॅबमध्ये बनवायचं, म्हणजे हाडाला ते परकं वाटत नाही आणि हाड त्याला येऊन चिकटतं. ऐकायला सोपं. कॅल्शियम नायट्रेट घ्या, फॉस्फेटचं सोल्युशन थेंबथेंब सोडा, अमोनिया घालून पीएच वर ठेवा, पांढरा साका बसतो, तो धुवा, वाळवा, दाबून पेलेट म्हणजे गोळी करा आणि बाराशे डिग्रीच्या आसपास भाजा. पण कॅल्शियम-फॉस्फरसचा रेशो १.६७ यायला हवा. खाली गेला तर भाजताना दुसरंच फॉस्फेट तयार होतं जे शरीरात विरघळत जातं, वर गेला तर मोकळा चुना उरतो, तो हवेतलं पाणी ओढून फुगतो आणि पेलेट तडकते. मुंबईचा जुलै, खिडकीला ताडपत्री, आणि मी रोज सकाळी जाऊन बघायचे तर आदल्या आठवड्याच्या पेलेटचा भुगा. अक्षरशः चुना लागायचा मला. आठ महिने हेच चाललं, कारण सोल्युशन करताना माझं वजन चुकत होतं, कॅल्शियम जास्त पडत होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. अडीच वर्षांनी मी पीएचडी सोडली. गाईड चांगले होते, विषय चांगला होता, माझ्यातच तेवढा धीर नव्हता.

हे रडगाणं एवढ्यासाठी की पोरीला हुशारीबद्दल विचारू नका, ती असेलच. तेच काम अकराव्यांदा करताना ती चिडते की कुतूहलाने बघते, ते बघा. आणि इथे चूक झाली तर ती पेशंटला भोगावी लागते. २००१ च्या सुमारास फ्रान्समधल्या एका कंपनीचे झिर्कोनियाचे बॉल लोकांच्या शरीरात फुटायला लागले, माल परत मागवावा लागला. भाजायची भट्टी बदलली होती, बस. पावडर तीच होती. म्हणून या धंद्यात केमिस्टला फक्त रिअॅक्शन येते म्हणून भागत नाही, भट्टी पण कळायला लागते, एक्सआरडी (एक्स-रे टाकून आत कुठला पदार्थ तयार झालाय ते ओळखायची चाचणी) वाचता यायला लागतो आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरशी त्याच्या भाषेत बोलता यायला लागतं.

पैशाचं सरळ सांगते. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, निघाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं भत्ता. फार्मातल्या सुरुवातीच्या पगाराशी एकदा ताडून बघा, ‘पोरगी तिशीपर्यंत घरी बसणार’ ही भीती कमी होईल. पीएचडी संपेस्तोवर अठ्ठावीस-एकोणतीस होईल हे खरंय, पण वय तर फार्मात पण होणारच आहे ना दादा.

नंतरची नोकरी मात्र रांग लावून मिळत नाही, हे लपवत नाही. सिरॅमिकचे बॉल अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात, जर्मनीची सिरामटेक त्यात सगळ्यात मोठी. पण इम्प्लांटच्या कंपन्या इथे आहेत, वापीला मेरिल आहे, आणि मेडिकल डिव्हाईसचे २०१७ चे नियम आल्यापासून टेस्टिंग, क्वालिटी, रेग्युलेटरीची कामं समजणारी माणसं लागतात. दातांचं झिर्कोनिया हा वेगळाच मोठा बाजार आहे, तुमच्या ओळखीत कोणाला क्राऊन म्हणजे दातावरची टोपी बसवलीय विचारा. शुद्ध रिसर्चच करायचा तर कलकत्त्याची सीजीसीआरआय (काच आणि सिरॅमिकची सरकारी संशोधन संस्था) आणि तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा (वैद्यकीय संस्था) ही दोन नावं तिच्या वहीत आधीच असतील, नसतील तर लिहायला सांगा. मुंबई सोडायची तयारी लागेल, तेवढं घरात आधी बोलून घ्या.

मुंबईत म्हणाल तर एमएस्सीला पवईची आयआयटी किंवा माटुंग्याची आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था. पवईला मेटलर्जी-मटेरियल्स डिपार्टमेंट आहे आणि बेटिक पण आहे, तिथे इंजिनिअर आणि डॉक्टर मिळून उपकरणं बनवतात. सिरॅमिक इंजिनिअरिंगचीच डिग्री हवी असं काही नाही, केमिस्ट्रीतून आलेली भरपूर लोकं यात आहेत. पण एमएस्सीच्या आधी, येत्या मे महिन्यात, तिला दोन महिने कुठल्यातरी लॅबमध्ये भट्टीसमोर उभी करा. सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप असते, नाही मिळाली तर प्राध्यापकांना सरळ ईमेल करायला सांगा, वीस केले की दोघं उत्तर देतात. तिथून परत आल्यावर ती स्वतःच सांगेल. फार्मात जाते म्हणाली तरी ते दोन महिने फुकट नाही गेले.

आणि जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म टीवायला असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा असतो, परीक्षा फेब्रुवारीत. रिमाइंडर तुमच्या मोबाईलमध्ये लावा, तिच्या नको, ही पोरं स्नूझ करतात.