कॅन्सरच्या लॅबमध्ये पहिलं पाऊल

खानापूरहून रोज बेळगावला येऊन कॅन्सरवरच्या औषधांचं संशोधन शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं गं. निपाणी भागात तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर किती घरांनी सोसलाय, तुला ठाऊकच आहे.

लॅबमधल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या की औषध सापडलं, असं सुरुवातीला वाटतं. पेशी तर ब्लीचनंही मरतात! निरोगी पेशी वाचल्या का, ते आधी बघ.

- कंट्रोलशिवाय, म्हणजे तुलनेसाठी औषध न दिलेल्या पेशींशिवाय, प्रयोग नको.
- मायकोप्लाझ्माची (लॅबमधल्या पेशींत गुपचूप शिरणाऱ्या सूक्ष्म जीवाणूची) तपासणी टाळू नकोस.
- फसलेला प्रयोगही त्याच दिवशी वहीत लिही.

घाई नको. एका रक्ताच्या कॅन्सरमधलं आखूड गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं. त्याच बिघाडावर नेम धरणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. पेशंटवरच्या चाचण्यांचे टप्पे नंतर शिकवते.