लाल रेघ मारू नकोस

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या व्यसनमुक्ती प्रकल्पाचा निधी संपतोय, शिकवून तयार केलेल्या चार समुपदेशकांपैकी दोघी सोडून गेल्या आणि वरिष्ठ म्हणतात, गोळ्या हळूहळू कमी करत जुन्या पेशंटना मोकळं करा, नवे घ्या. तडजोड म्हणून सहा महिन्यांत डोस उतरवला तर चालेल का, असं तू विचारतेस. तुझी घुसमट कळते. पण किती महिन्यांत सोडायचं, हा हिशेब तुझ्या डोक्यात शिरलाच कसा?

2003 चा स्वीडनमधला अभ्यास तू परीक्षेपुरता वाचला असशील. पुन्हा वाच. हेरॉइनचं व्यसन असलेले 40 जण. निम्म्यांना वर्षभर रोज 16 मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनची तलफ दाबणारी आपली तीच गोळी. बाकीच्यांना तेच औषध सहा दिवसांत उतरवून पुढे नुसती औषधाविना गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले 75 टक्के उपचारात होते. दुसऱ्या गटात एकही उरला नव्हता, आणि त्यातले चौघे मेले होते. समुपदेशन दोन्ही गटांना होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'गोळी म्हणजे कुबडी, खरं काम बोलण्याचं' हे तुला ऐकवलं जाणार. मीही ऐकवायचो.

औषध सुटलं की शरीराची सवय उतरते, तलफ मात्र उतरत नाही. मग माणूस जुन्याच मापानं घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून म्हणतो, यादीतून नाव काढू नकोस.

आमच्याकडे नियम होता: तीनदा लघवीत हेरॉइन सापडलं की रजिस्टरमध्ये नावावर लाल रेघ. रेघ मीच मारायचो, पट्टी लावून. एक जण पाच महिने रोज वेळेवर आला. झोप लागायला लागली होती, कामावर परत गेला होता. तिसऱ्यांदा सापडलं. दारात उभा राहून म्हणाला, "म्हणजे उद्यापासून येऊ नको?" मी म्हटलं, "साफ होऊन ये." अकराव्या दिवशी त्याचा भाऊ त्याचं कार्ड परत द्यायला आला. बसला नाही, पाणीही घेतलं नाही.

तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. बाहेर थांबलेल्यांची यादी लांबलचक होती, माणसं आम्ही तिघं. हे मी स्वतःला अजून सांगतो, आणि ते खोटंही नाही. पण त्याला मी 4 मिलिग्रॅमवर ठेवलं होतं आणि कमी डोसवर पेशंट चालवतो याचा मला अभिमान होता! संध्याकाळ झाली की त्याची तलफ उसळणारच होती. डोस वाढवायचा सोडून मी माणूस काढला.

त्यानंतर चौदा वर्षं एकाही नावावर रेघ मारू दिली नाही. भांडलो, बढती गेली, हट्टी म्हातारा ठरलो. ठरू दे. मात्र माझी खरी चूक पुढची आहे. सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या आवाजात होतं. मी निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत तिथे पुन्हा तीन महिन्यांचा कोर्स सुरू झाला. पोरांना दोष दिला मी खूप. त्यांच्या हातात मी कागद काय ठेवला होता?

तेव्हा तू कागद ठेव. डोस चुकला तर दोन दिवसांच्या आत फोन कोणी करायचा, पुन्हा घेतल्याचं कळलं तर डोस आधी तपासायचा, हे दोन पानांत लिही. नव्या आलेल्यांना कार्यशाळेला पाठवून मोकळी होऊ नकोस. प्रेरणात्मक मुलाखतीची, म्हणजे बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून काढण्याची, पद्धत घडवणाऱ्या विल्यम मिलर यांनीच 2004 मध्ये दाखवलं, की नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य काही महिन्यांत ओसरतं. काम ऐकून कोणी चुका दाखवल्या तर टिकतं. आठवड्याला एक रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून, पेशंटच्या परवानगीनं ऐका. अर्धा तास पुरतो, पैसा लागत नाही.

पैसे कापायचेच असतील तर शिबिरं काप, छपाई काप. औषध आणि फोन शेवटी. स्थिर झालेले पेशंट, कायदा परवानगी देत असेल तर, नेहमीच्या डॉक्टरांकडे दे. फ्रान्सनं 1995 पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन देऊ दिलं. 1999 पर्यंत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. श्रेय एकट्या गोळीचं नसेल, पण पेशंट डॉक्टरकडे दिला म्हणजे यादीतून काढला असं नाही. नाव तुझ्याकडेच ठेव, महिन्याला विचारपूस कर.

आणि ज्याला स्वतःलाच डोस उतरवायचाय? उतरव की, त्याच्या गतीनं. घरी नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उलटवणारं औषध दे, ते कसं द्यायचं ते घरच्यांना शिकव. नाव काढू नकोस. तो परत आला तर 'का आलास' असा चेहरा कोणी करायचा नाही, दारावरच्या माणसानंही नाही.

बैठकीत 'मधुमेहाला जसं कायमचं औषध, तसंच हे' ही उपमा देत बसू नकोस, सगळ्यांना ती पाठ आहे. एकच आकडा ने: सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेल्यांपैकी आज किती जण येतात. आणि जे येत नाहीत त्यांना बैठकीआधीच फोन लाव. निदान पहिल्या दहांना. कोण काय म्हणालं ते मला त्याच रात्री कळव, मी उशिरापर्यंत जागाच असतो.