निवृत्तीनंतरचं वर्कशॉप: आधी लेथ, बाकी सावकाश

निवृत्त झालात आणि आता घरी धातुकामाचं वर्कशॉप थाटायचंय, अभिनंदन! पण फंडाचे पैसे हातात आले म्हणून सगळी मशिनं एकदम आणू नका. मीही तेच केलं होतं. मिलिंग मशीन दोन वर्षं कापडाखाली झाकून होतं.

आधी एक लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून त्याला टूलने कापत आकार देणारं मशीन. मशीनइतकेच पैसे टूल्स, चक (जॉब घट्ट पकडणारा भाग) आणि मोजमापाच्या साधनांना लागतात, हे धरूनच चाला. ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर (जाडी मोजायला) आणि डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारं) चांगलेच घ्या, तिथे काटकसर नको. जुनं लेथ घेत असाल तर चकजवळचा बेड (लेथचा लांब, सपाट पाया) हाताने चाचपा. झीज तिथेच जास्त असते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- टूलचं टोक सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या मध्याच्या, उंचीला नसणं. फेसिंग (जॉबचं टोक सपाट) करताना मधे बोंड उरलं, की समजा हेच.
- टूल त्याच्या पकडीतून गरजेपेक्षा जास्त बाहेर काढणं. मग जॉब थरथरतो आणि दोष मशीनला!
- चकची चावी चकमध्येच विसरणं. हातमोजे, सैल बाह्याही नकोत. चष्मा मात्र हवाच.

सुरुवातीला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल स्वतः घासून धार लावायला शिका, कार्बाइडचं (त्याहून कठीण टूल) नंतर बघू. १० मिमी व्यासाच्या माइल्ड स्टीलला (साधं, मऊ पोलाद) साधारण ९०० आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवा.

आणि हो, बल्ब भरपूर लावा. आपले डोळे आता पंचविशीतले नाहीत.